रान कोणाचे, ताट कोणाचे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत मुलगा, सून आणि दोन नातवंडे यांच्यासमवेत डहाणूला जाण्याचा योग आला. दोन दिवस बोर्डी-घोलवडच्या किनाऱ्यावर आणि चिकूच्या वाड्यांत काढून आम्ही तलासरीच्या बाजूने मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागलो. दुपार झाली होती, मुले भुकेली होती. रस्त्याच्या कडेला एक प्रशस्त भोजनगृह दिसले. फलकावर शिंगांचा डौल मिरविणारा चितळ रंगविलेला होता व खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘जंगली जेवण आणि प्राणी उद्यान’. मुलांनी गाडीतच टाळ्या पिटल्या. आजोबांचे मत विचारण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

आत गेल्यावर प्रथम उद्यान. जाळीच्या कुंपणात दोन इमू, काही टर्की, गिनी कोंबड्या, बदके, सशांचे एक खुराडे आणि लाव्यांचा एक मोठा पिंजरा. दहा रुपयांना दाण्यांची पुडी मिळत होती. इमूंपैकी एकाच्या मानेवरची पिसे झडलेली होती आणि तो जाळीच्या कडेने त्याच त्या वाटेने येरझारा घालीत होता. मुलांचे तिकडे लक्ष नव्हते. माझी आठ वर्षांची नात लाव्यांच्या पिंजऱ्यापाशी बराच वेळ बसली. एक लावा तिच्या बोटाशी येऊन दाणे टिपत होता, म्हणून तिने त्याला नावही ठेवले.

नंतर भोजन. भिंतींवर पांढऱ्या रंगात वारली चित्रे काढलेली होती. तारपा वाजविणारा, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे, तीरकामठा घेतलेला शिकारी, पळणारे हरीण. पदार्थांच्या यादीत ‘शिकारी मटण’, ‘जंगली कोंबडा’, ‘रानातला लावा’ अशी नावे होती. मुलाने लावा मागविला. ताटली आली तेव्हा नातीने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. ‘आजोबा, हाच का तो?’ असा तिचा सरळ प्रश्न होता. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून तीस वर्षे वर्गात प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही.

वाढणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा वारली होता. गर्दी ओसरल्यावर मी त्याला विचारले, ‘यातले खरोखर रानातले काय आहे?’ तो हसला. ‘काका, रानातलं काहीच नाय. कोंबडा फार्मातला, लावा पण फार्मातला. रानातलं आणलं तर आम्हालाच धरून नेतील.’ मग थोडे थांबून म्हणाला, ‘आमचा आजा शिकारीला जायचा. त्याला फॉरेस्टवाल्यांनी ससा मारला म्हणून बांधून नेला होता.’ आणि तो रिकाम्या ताटल्या उचलून गेला.

प्रसंग एवढाच आहे. तो मला फार दिवस सोडीना, म्हणून हा लेख. ज्या आज्याला सशासाठी बांधून नेले त्याचा नातू आज शिकाऱ्याच्या चित्राखाली उभा राहून शहरातल्या कुटुंबांना ‘शिकारी मटण’ वाढतो. यात कोणी कायदा मोडलेला नाही. किंबहुना कायदा पाळला गेल्यामुळेच हे दृश्य निर्माण झाले आहे. म्हणूनच त्याचा विचार अधिक बारकाईने केला पाहिजे.

प्रथम कायद्याची बाजू न्याय्यपणे मांडू. मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणासाठी १९५१ साली कायदा केला होता. तरी परवाना घेऊन शिकार करता येत होती. १९७२ साली केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच्या ४४ व्या कलमात खानावळीत वन्यप्राण्याचे मांस शिजविणे व वाढणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परवान्यावाचून ते करता येणार नाही, असे हे कलम सांगते. कायदा करणाऱ्यांना शिकाऱ्याइतकाच ग्राहकही दिसला होता, हे त्यावरून ध्यानात येईल. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपुष्टात आली. आज आपल्या देशात वन्यमांसाचे भोजनगृह कायदेशीर रीतीने चालविता येत नाही. जे चालते ते रानाच्या नावाचे भोजनगृह असते.

हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. रानातील प्राणी हे कोणी पेरलेले पीक नव्हे. त्यास बाजारभाव मिळू लागला की तो संपेपर्यंत मारला जातो, असा जगाचा अनुभव आहे. अमेरिकेत आकाश झाकोळून टाकणारे प्रवासी पारवे एकोणिसाव्या शतकात आगगाड्यांतून शहरांच्या बाजारात गेले आणि त्या जातीचा शेवटचा पक्षी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. ज्या वस्तूचा कोणी मालक नाही आणि जिला गिऱ्हाईक मात्र अमर्याद आहे, तिची अशी गत होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल.

यावर काही देशांनी दुसरा उपाय योजला. दक्षिण आफ्रिकेने १९९१ साली असा कायदा केला की, ज्याची जमीन पुरेशा कुंपणाने बंदिस्त आहे त्याची तीवरील वन्यप्राण्यांवरची मालकी, ते कुंपणाबाहेर गेले तरी, अबाधित राहील. मालकी आली की मालक राखण करतो, हे त्यामागचे तत्त्व. खाजगी शिकारराने वाढली, त्यांवर पर्यटन व मांसविक्री उभी राहिली आणि काही जातींची संख्याही वाढली. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. तरी नैरोबीमध्ये १९८० साली निघालेले ‘कार्निव्होर’ हे भोजनगृह परवान्याने मिळणारे वन्यमांस निखाऱ्यावर भाजून पर्यटकांना वाढीत असे. पुढे केनियाने ती विक्रीही थांबविली आणि त्या भोजनगृहात पाळीव मगर व शहामृग उरले. दोन देशांचे दोन मार्ग झाले. पण दोहोंतही एक गोष्ट समान आहे. त्या रानात पूर्वापार राहणारा, कुंपण घालण्याइतकी जमीन नसलेला माणूस हिशेबात कोठेच येत नाही.

ही कथा आफ्रिकेपुरती नाही. इंग्लंडात १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता ठेवला गेला आणि तो निर्बंध १८३१ पर्यंत टिकला. शेतमजुराने ससा पकडला तर तो चोर आणि जमीनदाराने पकडला तर तो रसिक. जर्मनीत १८४२ साली तरुण कार्ल मार्क्सने वृत्तपत्रात लिहिलेल्या पहिल्या आर्थिक प्रश्नावरील लेखांचा विषय होता रानातील वाळलेली लाकडे गोळा करणाऱ्या गरिबांना चोर ठरविणारा कायदा. आपल्याकडे १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी तेच केले. डहाणू, तलासरी, जव्हार या मुलखात वारली जेथे फिरत होता ते रान एका कागदाने सरकारचे झाले आणि उरलेले गवत व जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली. त्यातून जी वेठबिगारी आणि लग्नगडीची पद्धत माजली तिच्याविरुद्ध मे १९४५ मध्ये तलासरीतील झरी गावी वारल्यांची सभा भरली. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० सालचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना तो इतिहास नव्याने सांगण्याचे कारण नाही. त्या लढ्याने वेठ संपविली. रान मात्र परत मिळाले नाही.

२००६ चा वनहक्क कायदा हे त्या दिशेने टाकलेले मोठे पाऊल होय. कसत्या जमिनीचा, गौण वनोपजाचा, सामूहिक रानाचा हक्क त्याने मान्य केला. तो हक्क कागदावरून जमिनीवर उतरावा म्हणून मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी व आदिवासी पायी चालत गेले, हे वाचकांना स्मरत असेल. पण त्याच कायद्यात परंपरागत हक्क मोजताना शिकारीचा व सापळे लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. वगळणे भाग होते हे मी मान्य करतो. डहाणू-तलासरीच्या टेकड्यांवर आज जे थोडे ससे, रानडुकरे, मोर व बिबटे उरले आहेत ते बंदुकीची परवानगी सोसू शकणार नाहीत. प्रश्न वगळल्याचा नाही. वगळून जे काढून घेतले त्याच्या बदल्यात काय दिले, हा प्रश्न आहे.

शिकार हा आपल्या कल्पनेत खेळ असतो. वारल्याच्या घरी ती मुख्यतः आहाराची बाब होती. भात आणि नागली यांवर चालणाऱ्या घरात मांस क्वचित शिजे, पण ते रानातून येई. ससा, कवडा, घोरपड, पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे वळगणीचे मासे, बांधावरचे मुठे. मासे आणि मुठे अद्याप आहेत. बाकीचे गेले, आणि ते जावयासच हवे होते. पण ज्या आदिवासी पट्ट्यात १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, तेथे रानातून येणारे मांस बंद करणाऱ्या राज्याने त्याची भरपाई काय केली हे विचारणे अगत्याचे आहे. २०१५ साली अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार आणि पुढे बालकांना आठवड्यातून चार वेळा अंडी देण्याचे शासनाने ठरविले. योजना चांगली आहे. मात्र ती येण्यासाठी १९७२ पासून त्रेचाळीस वर्षे लागली. वन्यजीवांच्या रक्षणाचा खर्च कोणी केला, असे विचारले तर अर्थसंकल्पातील आकडे पुढे केले जातात. माझ्या हिशेबी त्या खर्चाचा मोठा भाग पाड्यावरच्या मुलांच्या ताटातून वजा झालेला आहे आणि तो कोणत्याही अर्थसंकल्पात नोंदलेला नाही.

आता दुसरी बाजू पाहू. रानातील जीव विकता येत नाही, पण रानाचे नाव विकता येते. नावाला परवाना लागत नाही. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला गेला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत निष्ठेने सांभाळले. मोठे धुरांडी कारखाने येथे येऊ शकले नाहीत याचे श्रेय त्या व्यवस्थेकडे जाते. वाढवण बंदराच्या रूपाने आता त्या मर्यादेलाच आव्हान मिळाले आहे, तो स्वतंत्र लेखाचा विषय होय. पण राखलेली हिरवाई हीच विक्रीची वस्तू होऊन बसली. डोंगर कोणी राखला, कोणाच्या गैरसोयीने राखला, हे न विचारता त्याच्याकडे तोंड करून भोजनगृहे उभी राहिली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जी चित्रकला जगात पोहोचविली, ती आता महामार्गावरील भिंतींची सजावट झाली आहे. वारली चित्रात शिकारी असतो आणि वाघदेवही असतो. ज्याला मारायचे त्याच्याशी आणि ज्याला भ्यायचे त्याच्याशीही नाते आहे, असे ती चित्रे सांगतात. भिंतीवर ती उतरविणाऱ्याला किती मजुरी मिळाली असेल, असा विचार तेथे जेवताना माझ्या मनात आला, आणि मी तो विचारलाही नाही, याची आता लाज वाटते.

त्या कुंपणातल्या इमूंविषयीही लिहिले पाहिजे. इमू हा ऑस्ट्रेलियातला पक्षी येथे कसा आला? सुमारे पंधरा-वीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रात, आंध्रात व तमिळनाडूत इमूपालनाची लाट आली. एका जोडीपासून अंडी, तेल, मांस, कातडे असे सोन्याचे दिवस येतील असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. वस्तुतः मांसाला किंवा तेलाला म्हणावे तसे गिऱ्हाईक नव्हते. पैसा मिळत होता तो पुढच्या शेतकऱ्याला पिल्ले विकून. अशी साखळी नवा शेतकरी मिळेपर्यंतच चालते. २०१२ साली तमिळनाडूत ती तुटली, ठेवी बुडाल्या, फौजदारी खटले झाले. आपल्याकडील शेतकऱ्यांच्या अंगणातही खाद्य परवडेना असे पक्षी उरले. त्या दोन पक्ष्यांचा पूर्वेतिहास मला ठाऊक नाही, पण त्यांची जात आपल्या देशात ज्या वाटेने आली ती अशी आहे. एका फसलेल्या तेजीचे अवशेष आपण मुलांना ‘जंगली प्राणी’ म्हणून दाखवितो.

प्राणी उद्यानांसाठी कायदा नाही असे नाही. १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे आणि त्याच्या मान्यतेवाचून प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. परदेशी जातींच्या नोंदणीची तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने आली. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा तर पाळीव कोंबडीलाही लागू आहे. परंतु हॉटेलच्या मागील अंगणात ठेवलेली बदके, टर्की आणि ससे हे कोणाच्याच यादीत नीटसे बसत नाहीत. ते प्राणिसंग्रहालयाचे नाहीत, शेतीचे नाहीत, घरचेही नाहीत. ते जाहिरातीचे साहित्य आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, लेखक मांसाहाराविरुद्ध सोवळेपणाचा प्रचार करीत आहे. तसे मुळीच नाही. या देशात मांस खाणाऱ्याला हीन लेखण्याची जी रीत आहे तिच्यामागे जात आहे, आणि रानातले खाणाऱ्याला तर दुहेरी हीन लेखले गेले. माझा मुद्दा नेमका त्याच्या उलट आहे. तेच अन्न आदिवासीच्या चुलीवर असताना ‘जंगली’ ही शिवी होती. महामार्गावर आल्यावर ती चव झाली आणि तिची किंमत वाढली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या भोजनगृहांमुळे स्थानिकांना रोजगार मिळतो. हे खरे आहे. तलासरीचे शेकडो तरुण रोज उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात, दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. घरापासून दोन कोसांवर, सावलीत, पोटभर जेवण देणारे काम मिळाले तर त्या मुलाने ते का सोडावे? त्याने सोडावे असे मी म्हणत नाही. पण रोजगार या शब्दाखाली सर्व काही झाकता येत नाही. नेमणुकीचे पत्र आहे काय, किमान वेतन व भविष्यनिर्वाह निधी मिळतो काय, आणि वाढप्याच्या पुढची पायरी त्याला कधी मिळणार काय, हे प्रश्न विचारले नाहीत तर रोजगार हा उपकार होतो. वेठीचे दिवस पाहिलेल्या मुलखात उपकाराच्या भाषेचे मोल आपल्याला अधिक कळावयास हवे.

परतताना चारोटी नाक्याच्या अलीकडे एक वृद्ध वारली बाई रस्त्याच्या कडेला करांद्यांचे वाटे मांडून बसली होती. वाट्याला वीस रुपये. सुनेने करांदे कधी पाहिलेले नव्हते. ते कसे उकडावेत, कडू जात कशी ओळखावी, हे त्या बाईने तिला मन लावून समजावून सांगितले. त्या दुपारी रानातून आलेले अन्न आम्हाला मिळाले ते तेथे. त्याला फलक नव्हता, चितळ नव्हता, प्राणी उद्यान नव्हते.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनी ग्रामसभेला गावाच्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. रानाच्या नावावर चालणारा प्रत्येक पर्यटन व्यवसाय प्रथम ग्रामसभेसमोर यावा. जमीन कोणाची, कोणत्या अटीवर घेतली, कामावर कोण व कोणत्या वेतनावर, हे तेथे जाहीर व्हावे. अशा व्यवसायाच्या उत्पन्नाचा ठराविक वाटा ग्रामसभेच्या निधीत जावा आणि तो पाड्यावरच्या मुलांच्या आहारासाठी खर्च व्हावा. वन्यजीवांनी केलेल्या पिकांच्या व जनावरांच्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी. प्रदर्शनासाठी ठेवलेल्या प्रत्येक पशुपक्ष्याची नोंद व तपासणी पशुवैद्यकाकडून व्हावी. ज्याला ती झेपत नसेल त्याने प्राणी ठेवू नयेत. आणि ज्यांना रानाची चव विकावयाची आहे त्यांनी शेवळे, करांदे, अळंबी, कुर्डू हे बचत गटांकडून रास्त भावाने विकत घ्यावे.

या शेवटच्या सूचनेत धोका आहे हे मी जाणून आहे. प्रवासी पारव्याचे जे झाले ते शेवळ्याचे होणार नाही, अशी हमी बाजार देत नाही. शहराची भूक पाड्यावरची भाजी महाग करील, किंवा मुळासकट उपटून नेईल. यास्तव किती काढावे आणि किती राखावे, हे ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे किंवा वनखात्याकडे न ठेवता सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेकडेच राहिला पाहिजे. रान कुंपणवाल्याच्या मालकीचे करा, किंवा सरकारच्या कुलपात ठेवा, एवढेच दोन पर्याय आपल्याला आजवर शिकविले गेले. तिसरा पर्याय त्यात राहणाऱ्यांच्या सामुदायिक निर्णयाचा आहे, आणि त्याची कायदेशीर चौकट आपल्याकडे तयार आहे. ती वापरली जात नाही, एवढीच उणीव.

घरी आल्यावर रात्री करांदे मीठ घालून उकडले. नातीने दोन खाल्ले आणि विचारले, ‘त्या आजी रोज हेच खातात का?’ मी म्हणालो, ‘खात होत्या. आता बहुधा विकतात.’ मग तिने दुपारचा प्रश्न पुन्हा विचारला, तो लावा तोच होता का म्हणून. या वेळी मी तिला खरे सांगितले. तोच असेल किंवा त्याच्या शेजारचा असेल. तो रानातला नव्हता, पिंजऱ्यातच जन्मला होता, आणि आपण त्याला रानातला समजावे म्हणून आपल्याकडून जास्त पैसे घेतले गेले. तिला हे पटले की नाही, ते मला सांगता येत नाही. ते पैसे ज्यांच्या रानाच्या नावाने घेतले गेले त्यांच्यापर्यंत त्यातले किती पोहोचले, हे मात्र तिने विचारले नाही. तो प्रश्न आपण, मोठ्यांनी, विचारावयाचा आहे.